लिस्बनच्या प्रेमात प्रवासी का पडतात?

तुमचा प्रश्न असा आहे की पॅरिसमधील लूव्र किंवा रोममधील व्हॅटिकन यांच्या तोडीचे एकही संग्रहालय नसताना लिस्बनला जाऊन आलेली माणसे त्या शहराविषयी इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात. कामानिमित्त मी काही काळ तिथे राहत होते आणि नंतरही माझे जाणे-येणे होत राहिले, त्या आधारावर उत्तर लिहिते. माझ्या मते लिस्बनमध्ये जे उत्तम आहे ते जवळजवळ सगळे रस्त्यावर आहे, आणि लोकांना ते शहर इतके आवडण्याचे मुख्य कारण हेच आहे. इतर मोठ्या शहरांत पाहण्यासारख्या गोष्टी तिकीट, रांग आणि दरवाजा यांच्या पलीकडे असतात. इथे मात्र उजेड, चढ, नदी, पायाखालची फरसबंदी आणि भिंतींवरच्या टाइल्स या गोष्टी पाहण्याजोग्या आहेत आणि त्यांवर तिकीट लावता येत नाही. त्यामुळे ज्याला फक्त एक दुपार मोकळी मिळाली आहे आणि ज्याने काहीही ठरवलेले नाही, अशा माणसालाही हे शहर रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

उजेडापासून सुरुवात करते, कारण लिस्बनविषयी लिहिणारा प्रत्येक जण त्याचे कौतुक करतो आणि वाचणाऱ्याला ते हमखास अतिरंजित वाटते. प्रत्यक्षात त्यामागे साधा भूगोल आहे. शहर तेजु नदीच्या उत्तर काठावर वसलेले आहे, आणि अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी ही नदी शहरासमोर इतकी रुंदावते की पलीकडचा काठ काही ठिकाणी पुसट होतो. युरोपात दिवसाचा बहुतेक वेळ सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणजे लिस्बनपुरते बोलायचे तर नदीच्या बाजूने. पाण्यावर पडून उसळलेला उजेड दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या टेकड्यांच्या उतारांवर पोहोचतो. तिथे फिकट पिवळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या भिंती आहेत, झिलई केलेल्या टाइल्स आहेत आणि पांढऱ्या चुनखडकाचे पदपथ आहेत, आणि हे सगळे मिळून तो उजेड पुन्हा वर फेकतात. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा उत्तरेचा वारा हवेतली धूळ आणि धूसरपणा झाडून नेतो. वर्षाकाठी सुमारे २,८०० तास ऊन मिळणाऱ्या राजधान्या युरोपात फार नाहीत. याचा परिणाम अगदी लहानशा जागेत पाहता येतो. गल्ली इतकी अरुंद असते की ऊन थेट तळापर्यंत येतच नाही, तरीही सज्जाच्या लोखंडी जाळीची खालची बाजू आणि सज्जातून वाकून खाली बोलणाऱ्या बाईची हनुवटी लख्ख दिसते, कारण तिथला उजेड जमिनीकडून वर आलेला असतो.

सात टेकड्यांचे शहर ही ओळख लिस्बन मोठ्या अभिमानाने मिरवते. या टेकड्यांचे चढ खरेच आहेत, आणि काही गल्ल्यांना तर पायऱ्याच आहेत, ज्यांच्या मधोमध म्हाताऱ्या माणसांना धरायला लोखंडी कठडा असतो. या चढांचा मोबदला मिरादोरुवर मिळतो. मिरादोरु म्हणजे टेकडीच्या कडेला बांधून काढलेला सज्जा. तिथे कठडा, चार-दोन झाडे, बाके आणि बहुधा कॉफी-बिअरची एक टपरी एवढाच सरंजाम असतो, पण समोर सगळी लाल कौले आणि त्यांच्यापलीकडे नदी पसरलेली असते. सेन्योरा दु मोंत, ग्रासा, साओ पेद्रू दे आल्कान्तरा अशा या जागा शहरभर विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी प्रवेशमूल्य नाही, आणि संध्याकाळी तिथे पर्यटकांइतकेच स्थानिक विद्यार्थी आणि कार्यालयांतून सुटलेले लोकही बसलेले असतात. चढून धाप लागल्यावरच हे दृश्य समोर येते, हेही त्याच्या गोडीचे एक कारण असावे असे मला वाटते. बसने थेट वर येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद तेवढा दिसत नाही.

आता पायाखाली पाहू. लिस्बनचे बहुतेक पदपथ लहान-लहान दगडी चौकोनांचे आहेत. पांढरा चुनखडक आणि काळा दगड वापरून त्यांत लाटा, तारे, जहाजे आणि वेलबुट्टी काढलेली असते. या प्रथेची आजची सुरुवात १८४२ साली शहरातल्या किल्ल्यावरच्या कैद्यांकडून करून घेतलेल्या कामाने झाली. पुढे १८४८-४९ मध्ये रोसिउ चौकात काळ्या-पांढऱ्या लाटांची जी फरसबंदी झाली ती इतकी गाजली की तोच लाटांचा नमुना समुद्र ओलांडून रिओ दि जानेरोच्या कोपाकाबाना किनाऱ्यावर जाऊन पोहोचला. हे काम चालू असलेले दिसले तर थांबून पाहावे. कारागीर बुटक्या बैठकीवर बसतो, डाव्या तळहातात दगड धरून तो दोनदा फिरवून पाहतो, हातोडीचा एक नेमका घाव घालून त्याचा कोपरा उडवतो, आणि लाकडी साच्याच्या कडेला वाळूत तो असा बसवतो की शेजारच्या दगडाशी त्याची फट जेमतेम राहावी. मग पुढचा दगड. अशा दगडांनी अख्खे शहर व्यापलेले आहे, ही गोष्ट तो हात पाहिल्यानंतर वेगळ्याच रीतीने लक्षात येते. ही कला टिकावी म्हणून नगरपालिकेने १९८६ साली फरसबंदीच्या कारागिरांसाठी शाळा काढली. अर्थात हीच फरसबंदी पावसात विलक्षण निसरडी होते, वयस्कर माणसे तिच्यावरून घसरून पडतात, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करणारे लिस्बनकरही पुष्कळ आहेत. सौंदर्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

टाइल्सचेही तसेच आहे. आझुलेजु या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टाइल्सची परंपरा अरबी-मूरिश कारागिरीतून स्पेनमार्गे पोर्तुगालमध्ये आली. अठराव्या शतकापर्यंत त्या प्रामुख्याने चर्च, मठ आणि सरदारांच्या वाड्यांत आतल्या भिंतींवर होत्या, आणि एकोणिसाव्या शतकात त्या घरांच्या दर्शनी भिंतींवर आल्या. दमट हवेला त्या दाद देत नाहीत, धुतल्या की स्वच्छ होतात आणि वर्षानुवर्षे रंगाचा खर्च वाचवतात, त्यामुळे मध्यमवर्गीय घरमालकालाही त्या परवडल्या. म्हणून आज तिथे साध्या भाड्याच्या इमारतीची भिंतसुद्धा पाहत राहावीशी वाटते. जुन्या टाइल्स चोरून विकण्याचा धंदा मध्यंतरी बराच फोफावला होता, आणि आता टाइल्स लावलेली दर्शनी भिंत उतरवायला कायद्याने मनाई आहे. जुन्या बाजारात सुट्या टाइल्स दिसल्या तर त्या विकत घेण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे. टाइल्सचे राष्ट्रीय संग्रहालय १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठात आहे. मी या उत्तरात तिकिटाविरुद्ध बरेच बोलले असले तरी इथे ते जरूर काढावे, कारण तिथे सुमारे २३ मीटर लांबीचे टाइल्सचे एक चित्र आहे आणि त्यात भूकंपापूर्वीचे लिस्बन नदीवरून दिसावे तसे, घरांसकट आणि घाटांसकट रंगवलेले आहे.

हा भूकंप समजून घेतल्याशिवाय लिस्बन समजत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना जमीन हादरली. नदीचे पाणी आधी मागे हटले आणि मग प्रचंड लाटांच्या रूपाने शहरात घुसले, तर सणासाठी लावलेल्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांतून पेटलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. त्यात हजारो माणसे गेली, आणि राजवाडा व त्यातले ग्रंथालयही गेले. राजा जुझे पहिला याने यापुढे दगडी छताखाली राहण्याची इतकी धास्ती घेतली की दरबार तंबूंत आणि लाकडी वाड्यात हलवला गेला. शहर पुन्हा उभे करण्याचे काम पुढे पोंबालचा मार्की म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याकडे आले. हा माणूस निर्दय होता, विरोधकांचा त्याने केलेला शेवट वाचवत नाही, पण नगररचनेच्या बाबतीत त्याने आणि त्याच्या लष्करी अभियंत्यांनी जे केले त्याला त्या काळात तोड नव्हती. नदीकाठचा सपाट भाग, म्हणजे बायशा, सरळ रस्त्यांच्या चौकटीत आखला गेला. घरांच्या भिंतींत लाकडाचा तिरक्या आडव्या-उभ्या वाशांचा सांगाडा बसवण्यात आला, जेणेकरून हादरा बसला तरी इमारत लवचीक राहून कोसळू नये. या सांगाड्याचा नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची चाचणी घेतल्याचे सांगतात. देशातल्या प्रत्येक पॅरिशकडून, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक हद्दीकडून, हादरे किती वेळ चालले, समुद्र किती चढला, भेगा कुठे पडल्या अशा प्रश्नांची उत्तरे मागवण्यात आली, आणि भूकंपशास्त्राचा इतिहास लिहिणारे या प्रश्नावलीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

बायशामधून चालताना रस्त्यांच्या पाट्या वाचाव्यात. एक रस्ता सोनारांचा, एक चांदीवाल्यांचा, एक चांभारांचा, एक कापडवाल्यांचा, अशी ही रचना आहे, आणि कासार आळी, तांबट आळी यांच्या आसपास वाढलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की आपल्या आळ्या आपोआप वसल्या आणि त्यांच्या एका मंत्र्याने नकाशावर आखल्या. या आखीव भागातून मान वर केली की टेकडीवर कार्मू मठाच्या उघड्या कमानी दिसतात. भूकंपात त्याचे छत कोसळले, पुढे दुरुस्ती सुरू झाली पण पुरी झाली नाही, आणि आज त्या कमानींच्या मधून थेट आकाश दिसते. रोसिउजवळच्या साओ दोमिंगुश चर्चचे त्याहून विलक्षण आहे. १९५९ साली तिथे मोठी आग लागली, आणि नंतर चर्च पुन्हा उघडले तेव्हा उष्णतेने तडकलेले, झडलेले खांब तसेच ठेवण्यात आले. आत पाऊल टाकताच ते खांब समोर येतात. आपत्तीच्या खुणा लपवण्याची घाई नसलेले हे शहर आहे, आणि प्रवाशांना त्याच्याबद्दल जो विश्वास वाटतो त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे असे मी मानते.

आल्फामा हा भूकंपातून बराचसा वाचलेला जुना भाग. तिथे नकाशा मिटून ठेवावा. जून महिन्यात, १२ तारखेच्या रात्री, संत अंतोनियुच्या सणासाठी हा भाग जसा फुलतो तसा एरवी फुलत नाही. गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन मासे भाजले जातात, आणि मांजेरिकू नावाच्या, आपल्या तुळशीच्याच कुळातल्या, गोल चेंडूसारख्या छाटलेल्या रोपाच्या कुंड्या विकायला येतात. प्रत्येक कुंडीत एक कागदी फूल आणि चार ओळींचे पद्य खोचलेले असते. या रोपाला नाक लावून वास घ्यायचा नाही असा तिथे संकेत आहे, कारण त्याने ते कोमेजते म्हणतात. त्यावरून तळहात फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. फादू हे उदास सुरांचे पोर्तुगीज गायन याच वस्त्यांत जन्मले आणि २०११ साली युनेस्कोने त्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. पर्यटकांसाठी जेवणासह लावलेल्या महागड्या कार्यक्रमांपेक्षा ज्या लहान खानावळीत आचारी किंवा शेजारी स्वतः उठून गातो तिथे ते ऐकावे, आणि दिवे मंद झाले की बोलणे थांबवावे. त्या बाबतीत तिथे कोणाची गय केली जात नाही.

मराठी वाचकासाठी लिस्बनला आणखी एक बाजू आहे, आणि ती सोडून नुसती स्तुती करणे मला अप्रामाणिक वाटेल. बेलें या उपनगरात जेरोनिमुश मठाची पांढरीशुभ्र इमारत आहे. तिचे काम १५०१ साली सुरू झाले आणि त्याचा खर्च मोठ्या प्रमाणात पूर्वेकडच्या व आफ्रिकेच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून झाला, म्हणजे पर्यायाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या मालातूनही. आत वास्को द गामाची समाधी आहे. तिथून काही अंतरावर नदीत पाय रोवून उभा असलेला बेलें बुरूज आहे. त्याच्या एका कोपऱ्यातील घुमटीखाली दगडात गेंड्याचे झिजलेले मुंडके कोरलेले आहे, जे दाखवल्याशिवाय सहसा दिसत नाही. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट म्हणून दिलेला हा गेंडा गोव्यातून जहाजावर चढवण्यात आला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला तो हाच. राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून धाडला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळदंडांसकट गेला. या गेंड्याला कधीही न पाहता, केवळ वर्णन आणि रेखाटन यांच्या आधारे, जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने केलेले लाकडी ठशाचे चित्र मात्र अजरामर झाले.

रोसिउ चौकाच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यात जे इन्क्विझिशन चालले त्याची सूत्रे लिस्बनकडेच होती. वसई, चौल, कोर्लई इथले किल्ले आणि १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांना आंदण गेलेली मुंबई, या सगळ्यांचे निर्णय याच नदीकाठी झाले. हे माहीत असलेला माणूस बेलेंमधल्या १९६० साली बांधलेल्या दर्यावर्दींच्या भव्य स्मारकासमोर फार वेळ रेंगाळत नाही. मीही रेंगाळले नाही. पण कार्मू मठासमोरच्या लहानशा चौकात मी पुष्कळदा बसले, कारण २५ एप्रिल १९७४ रोजी कॅप्टन साल्गेइरु माया याच्या तुकडीने तिथल्या बराकींना वेढा घातला आणि आत लपलेल्या, हुकूमशाही राजवटीच्या पंतप्रधान मार्सेलु कायतानु याने शरणागती पत्करली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोचली म्हणून ती क्रांती फुलांच्या नावाने ओळखली जाते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला होता, तरी लिस्बनने ते वास्तव मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस भारताशी झालेल्या करारात. मूळ गोव्याच्या घराण्यातले आंतोनियु कोश्ता पुढे आधी याच शहराचे महापौर आणि नंतर, २०१५ ते २०२४ या काळात, पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. कोपऱ्यावरच्या कोणत्याही कॅफेत काचेआड केकच्या शेजारी ‘शामुसा’ मांडलेला असतो. तो आपला सामोसाच असून तिथल्या लोकांना त्यात परके असे काही वाटत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर कॉफी लहान आणि कडक असते, सुकवलेल्या कॉड माशाचे प्रकार अगणित आहेत, आणि पिवळ्या बलकाच्या कस्टर्डची पेस्ट्री गरम असेल तरच खावी. बेलेंमधल्या १८३७ पासून चालत आलेल्या दुकानासमोर मोठी रांग असते, पण वस्तीतल्या साध्या बेकरीतही तुमची निराशा होणार नाही. शाकाहारी माणसाची मात्र पारंपरिक खानावळीत थोडी पंचाईत होते.

या प्रेमाचा भार शहराला जड झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. आल्फामातली असंख्य घरे पर्यटकांना अल्पकाळासाठी भाड्याने दिली जाऊ लागली, भाडी वाढली आणि ज्यांच्या दोरीवरच्या कपड्यांची छायाचित्रे आपण काढतो तीच माणसे शहराबाहेर फेकली गेली. २८ क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामने रोज बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना आता तिच्यात उभे राहायलाही जागा मिळत नाही. चढावर लोकांची ने-आण करणाऱ्या केबलवरच्या डब्यांपैकी ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या भीषण अपघातात १६ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर या जुन्या वाहनांकडे नुसते चित्रातल्यासारखे पाहणे कोणालाच शक्य राहिलेले नाही.

म्हणून जाणार असाल तर मुक्काम आल्फामात न करता काम्पु दि ओरीक किंवा आल्व्हालाद अशा राहत्या वस्तीतल्या हॉटेलात करावा, ट्राम पकडायचीच असेल तर भल्या सकाळी पकडावी, आणि रबरी तळव्याचे बूट न्यावेत. काइश दु सोद्रे धक्क्यावरून कासिल्याशला जाणारी साधी प्रवासी बोट दहाएक मिनिटांत नदीपलीकडे पोहोचवते. पलीकडच्या काठावरून अख्खे शहर एका नजरेत दिसते, आणि त्यासाठी नोकरदार लोक रोज देतात तेवढेच भाडे पडते. ऑगस्टमधली गर्दी आणि ऊन टाळावे. एप्रिलचा शेवटचा आठवडा साधता आला तर उत्तम, कारण २५ तारखेला आव्हेनीदा द लिबर्दादवरून निघणाऱ्या मिरवणुकीत कोणीही सामील होऊ शकते, आणि हातात धरायला लाल फूल त्या दिवशी शहरात कुठेही मिळते.